पंचनाम्यावर सही चार ठिकाणी, पाहिलं मात्र अर्धंच: साक्षीला जाऊन सांगू काय?

डिचोली तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून, थोडं आटोपशीर करून देते.

“माझं वय ६२. वाड्यावर वाणसामानाचं लहान दुकान आहे. एप्रिल २०२२ मध्ये, काजूचा हंगाम चालू असताना, दोन घरांत भाटाच्या, म्हणजे बागायतीच्या, मेरेवरून भांडण झालं आणि एकाच्या हातावर कोयत्याचा वार बसला. भांडण मी पाहिलेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पोदेर पाव देऊन गेला, मी दुकानाच्या फळ्या काढत होतो, तेवढ्यात पोलिसांची जीप थांबली. ‘पंच म्हणून सही पाहिजे, जरा या,’ हवालदार म्हणाले. ज्याच्यावर आळ आहे तो मुलगा जीपमध्येच होता. माझ्या बायकोच्या मावसभावाचा मुलगा. आम्ही भाटात गेलो. त्याने एका झाडाखालचा पाला बाजूला केला आणि कोयता काढून दिला. एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. मग जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून माझ्या चार सह्या घेतल्या. दोन कागद वाचले, दोन वाचलेच नाहीत. दुकान उघडं टाकून आलो होतो.

आता साक्षीचं समन्स आलंय. मुलाच्या काकांनी पंचनाम्याची झेरॉक्स आणून दाखवली. पहिल्या पानावर लिहिलंय की मुलगा पोलीस स्टेशनात, माझ्यासमोर, ‘कोयता लपवलाय, काढून देतो’ असं बोलला. मी त्या दिवशी स्टेशनची पायरीही चढलो नव्हतो. काका म्हणतात, ‘पोलिसांनी सही घेतली, मी काही पाहिलं नाही, एवढं सांग, विषय संपला.’ हवालदार म्हणतात, ‘कागदावर आहे तसं सांगा, दहा मिनिटांत मोकळे व्हाल.’ दुसरा पंच कुवेतला आहे, म्हणून सगळे माझ्याच दारात. गेलो नाही तर काय होईल? न वाचता सही केली म्हणून मला धरतील का? वकील करावा लागेल का? बायको दोन रात्री झोपलेली नाही. चवथीला त्या घरी जायचं कसं, हा तिचा प्रश्न आहे.”

सप्रेम नमस्कार.

आधी तुमच्या पत्नीला हे वाचून दाखवा: तुमच्यावर कोणताही गुन्हा नाही. समन्सवर तुमच्या नावाजवळ ‘साक्षीदार’ असं लिहिलेलं असेल, ते बोट ठेवून दाखवा. गावात पोलीस समन्स घेऊन आला की शेजारी ‘ह्याच्यावर केस झाली’ म्हणून मोकळे होतात. आरोपी तुम्ही नाही, फिर्यादीही नाही. त्या दिवशी तुम्ही तिथे होतात, म्हणून न्यायालय तुम्हाला काही विचारणार आहे. त्यासाठी वकील करायची गरज नाही. साक्षीदाराला प्रश्न विचारणारे सहायक सरकारी वकील असतात. ते राज्याच्या बाजूचे, तुमचे नव्हेत आणि तुमच्याविरुद्धही नव्हेत.

जायचं मात्र नक्की. समन्स हे निमंत्रण नाही, आदेश आहे. एकदा न गेल्यास बहुधा पुन्हा समन्स निघतं. मग जामीनपात्र वॉरंट, तरीही आला नाहीत तर अजामीनपात्र, म्हणजे पोलीस घरून धरून न्यायालयात उभं करतील. न्यायालयाचा आदेश मिळूनही मुद्दाम गैरहजर राहणं हा वेगळा गुन्हाही आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत साध्या कैदेची तरतूद आहे. प्रत्यक्षात गोष्ट तिथवर क्वचितच जाते. पण आज निव्वळ साक्षीदार असलेल्या माणसाने स्वतःच्या पायाने वॉरंटापर्यंत का जावं? त्या दिवशी खरंच आजारी असलात तर डॉक्टरांचा दाखला सरकारी वकिलांकडे पोहोचवा, पुढची तारीख मिळते. न सांगता गैरहजर राहू नका.

आता मूळ गाठीकडे येऊ. काका आणि हवालदार, दोघेही तुम्हाला सोपं उत्तर देतायत आणि दोघांचंही उत्तर अर्धंच खरं आहे. ‘काही पाहिलं नाही’ म्हणालात तर भाटातला कोयता खोटा ठरवलात. ‘कागदावर आहे तसंच घडलं’ म्हणालात तर स्टेशनात न जाता गेलो म्हणालात. तुम्ही जे पत्रात लिहिलंय, तीच साक्ष. कोयता काढताना पाहिलं, स्टेशनात नव्हतो, दोन कागद वाचले, दोन वाचले नाहीत. कायद्याला याहून एक शब्द जास्त नको आहे आणि कमीही नको.

हे इतक्या ठामपणे का सांगते, त्यासाठी त्या पहिल्या पानाचा अर्थ समजून घ्या. पोलिसांसमोर आरोपीने ‘होय, मीच मारलं’ असं कितीही वेळा म्हटलं तरी ती कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम इंग्रजांच्या काळातल्या १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे. कोठडीतला माणूस माराच्या भीतीने काहीही बोलू शकतो, म्हणून तो ठेवला गेला. त्याला एक अपवाद आहे, कलम २७. कोठडीतल्या आरोपीने काही माहिती दिली आणि त्या माहितीमुळे खरोखर एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. ‘अमुक ठिकाणी कोयता लपवलाय’ हे चालेल. ‘त्याच कोयत्याने मी मारलं’ हे चालणार नाही.

म्हणून अशा पंचनाम्याचे दोन भाग असतात. पहिला भाग स्टेशनातला, आरोपी पंचांसमोर काय बोलला तो. दुसरा भाग जागेवरचा, तिथे नेऊन त्याने काय काढून दिलं तो. कोर्टात याला कुणी डिस्क्लोजर पंचनामा म्हणतं, कुणी रिकव्हरी पंचनामा. खरं तर पंच पहिल्या भागापासून हजर असायला हवा. मगच ‘हा आपणहून बोलला आणि त्यातूनच वस्तू मिळाली’ ही साखळी जुळते. तुमच्या बाबतीत ती पहिली कडी तुमच्यापुरती नाही. आरोपीचे वकील उलटतपासणीत बोट ठेवतील ते नेमकं तिथेच, कारण त्यांचं कामच ते आहे. त्याने सरकारी बाजूला धक्का बसेल का? कदाचित बसेल. पण तो धक्का तुमच्यामुळे नाही. ज्याने तुम्हाला स्टेशनात न बोलावता तो कागद लिहिला, त्याच्यामुळे आहे. त्याची कसूर तुम्ही शपथेवर आपल्या अंगावर घेऊ नका.

आणि सगळी केस तुमच्या एका जिभेवर टांगलेली आहे, हे ओझंही उतरवा. जखमी माणूस स्वतः सांगेल. डॉक्टर जखमेबद्दल सांगतील. भांडण पाहणारे असतील तर ते सांगतील. तपास अधिकाऱ्याचीही साक्ष होईल, आणि पंच काहीही म्हणाला तरी वस्तू सापडल्याबद्दल अधिकाऱ्याचं सांगणं विश्वासार्ह वाटलं तर न्यायालय ते लक्षात घेऊ शकतं. पंचनामा हा कागद स्वतः पुरावा नसतो. पुरावा म्हणजे तुम्ही न्यायालयात उभं राहून जे बोलाल ते. कागद फक्त त्याला पुष्टी देतो किंवा देत नाही.

न वाचता सही केली म्हणून धरतील का, हा तुमचा सगळ्यात मोठा धसका दिसतो. घाईत, पोलिसांच्या सांगण्यावरून सही करणाऱ्या पंचाने ते न्यायालयात मोकळेपणी सांगितलं आणि म्हणून तुरुंगात गेला, असं माझ्या वकिलीत मी एकदाही पाहिलेलं नाही. मोकळेपणी सांगणाऱ्याची वाट मोकळीच असते, अडकतो तो शपथेवर जाणूनबुजून खोटं बोलणारा. न्यायालयातल्या खोट्या साक्षीला सात वर्षांपर्यंत कैद आहे. तरीही एखाद्या प्रश्नाचं उत्तर आपल्यावरच शेकेल असं वाटलं, तर उत्तर देण्याआधी न्यायाधीशांनाच विचारा, “ह्याचं उत्तर देणं मला भाग आहे का?” साक्षीदाराला ‘ह्याने मी अडचणीत येईन’ म्हणून उत्तर टाळता येत नाही, पण न्यायालयाने भाग पाडल्यावर दिलेल्या उत्तराच्या आधारे त्याच्यावर खटला चालवता येत नाही. अपवाद एकच, ते उत्तरच खोटं असलं तर. पुरावा कायद्याच्या कलम १३२ मध्ये ही ढाल साक्षीदाराच्या हाती दिलेली आहे. फार थोड्यांना ती माहीत असते.

आता त्या दिवशी काय होईल ते सांगते, कारण भीती निम्मी तिथेच असते.

सकाळी दहाच्या आधी पोहोचा. समन्स आणि आधार कार्ड जवळ ठेवा. केस नंबर समन्सवर असतो. दाराबाहेर त्या दिवशीच्या केसींची यादी लावलेली असते, तिच्यात तो शोधा. मग सरकारी वकिलांना भेटा आणि ‘माझी पंच म्हणून साक्ष आहे, पंचनामा मला वाचायचा आहे’ असं सांगा. यात चोरी नाही. जुन्या गोष्टीची आठवण ताजी करायला साक्षीदाराने त्या वेळी लिहिलेला, आपल्या सहीचा कागद वाचणं कायद्याला मान्य आहे. हवालदार आदल्या दिवशी स्टेशनात बोलावून ‘पाठ’ करून घेऊ म्हणत असतील तर नम्रपणे नाही म्हणा, “कोर्टातच वाचतो.” वाचताना पहिल्या पानाशी आलात की सरकारी वकिलांना तिथेच सांगा, “इथे मी नव्हतो.” ऐन साक्षीत त्यांना हा धक्का बसण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं, आणि आपण काही लपवत नाही हे तुमच्याही मनाला पटलेलं असेल.

मग बाहेर बसून वाट पाहायची. एकाची साक्ष दुसऱ्याने ऐकू नये म्हणून साक्षीदारांना सहसा आत बसू देत नाहीत. शिपाई तुमचं नाव पुकारेल. पिंजऱ्यात उभं राहिलात की शपथ होते. सिनेमात दाखवतात तसं गीतेवर हात ठेवणं नसतं. १९६९ च्या शपथ कायद्यात तसा ग्रंथ लागत नाही. देवाच्या नावाने शपथ घ्या किंवा नुसती प्रतिज्ञा करा, वजन सारखंच. गुडघे दुखत असतील तर बसायची परवानगी मागा. आजवर मी कुणाला ती नाकारलेली पाहिली नाही.

पहिले प्रश्न सरकारी वकिलांचे. ही सरतपासणी. त्यांना उत्तर तुमच्या तोंडात घालता येत नाही, म्हणून प्रश्न मोकळे असतात: “त्या दिवशी काय झालं?” दुकानापासून सुरू करा आणि पावलोपाव सांगा. मग एक पाकीट पुढे येईल. लाखेची मोहोर, त्यावर दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. तोच मुद्देमाल. चिठ्ठीवरची सही तुमची आहे का, असं विचारतील. लगेच ‘होय’ म्हणू नका. चिठ्ठी हातात घ्या, चष्मा लावा, पाहा. पाकीट फोडून कोयता दाखवतील आणि विचारतील, हाच का? चार वर्षांनी कोयत्यासारखा कोयता असतो. मुठीचा तडा, दांड्याला गुंडाळलेली तार, असं काही ओळखीचं दिसलं तर तेवढं सांगा. न दिसलं तर “तसाच वाटतो, खात्री नाही” म्हणा. हे पूर्ण उत्तर आहे.

मग आरोपीचे वकील. ही उलटतपासणी. इथे उत्तर सुचवणारे प्रश्न चालतात आणि आवाजही चढतो. “तुम्ही पोलिसांचे नेहमीचे पंच, खरं ना?” “कोयता पोलिसांनीच ठेवला होता, खरं ना?” खरं नसेल ते शांतपणे “खरं नाही” म्हणा. खरं असेल ते “खरं आहे” म्हणा, मग त्याचा फायदा कुणाला होतो ते पाहू नका. “तुम्ही पोलीस स्टेशनात गेलाच नव्हता, खरं ना?” असं विचारलं की उत्तर एकच, “खरं आहे.” प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. अपमान करण्यासाठीच विचारलेला प्रश्न न्यायाधीश थांबवू शकतात. तुम्ही त्यांच्याकडे पाहून थांबलात तरी पुरे.

भाषेचं बोलते, कारण आपल्या गोव्यात ही जागा नाजूक आहे. तुम्ही कोंकणीत बोला की मराठीत, पूर्ण मुभा आहे. पण नोंद इंग्रजीत होते. न्यायाधीश ऐकतात, इंग्रजीत सांगतात, समोरचा टंकलेखक टाइप करतो. या वाटेत शब्द बदलतो. कितीतरी साक्षीदार प्रत्येक अडचणीच्या प्रश्नाला “म्हाका खबर ना” म्हणून मोकळे होतात. तेच उत्तर ‘मला माहीत नाही’ म्हणून नोंदलं जातं. खरं तर त्याला म्हणायचं असतं “उगडास ना”, म्हणजे पाहिलं होतं, आता आठवत नाही. या दोन शब्दांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ज्याला माहीतच नाही त्याने पाहिलेलंच नाही. ज्याला आठवत नाही, त्याला कागद दाखवून आठवण करून देता येते. तसंच कोयत्याचं. आपल्याकडे गवत कापायचा वेगळा, नारळ सोलायचा वेगळा, काजूच्या फांद्या छाटायचा वेगळा. तुम्ही ‘कोयतो’ म्हणाल, इंग्रजीत ‘सिकल’ उतरेल की ‘चॉपर’, यावर उद्या वकील अर्धा तास वाद घालतील. म्हणून नुसतं नाव सांगू नका. पातं केवढं, बाक किती, मूठ कशाची, हे हाताने दाखवून सांगा.

काकांच्या सल्ल्याप्रमाणे तुम्ही ‘काहीच पाहिलं नाही’ म्हणालात तर काय होईल, तेही नीट समजून घ्या. सरकारी वकील न्यायाधीशांकडे परवानगी मागतील, तुम्हाला फितूर, म्हणजे कोर्टाच्या बोलीत होस्टाइल, ठरवून तेच तुमची उलटतपासणी घेतील. भाटात गेला होता का? जीपमध्ये कोण होतं? ही सही कुणाची? आरोपी तुमचा कोण लागतो? एका बाजूने होणारी तपासणी दोन्ही बाजूंनी होईल आणि शेवटी नातं चव्हाट्यावर येईल. फितूर ठरणं हा स्वतःच गुन्हा नव्हे. फितूर साक्षीदाराचं सगळं बोलणं न्यायालय फेकूनही देत नाही, त्यातलं पटणारं घेऊ शकतं. म्हणजे खोटं बोलून मुलगा सुटेलच याची खात्री नाही, तुमचं नाव जाईल ही मात्र आहे.

त्या घराशी असलेल्या नात्याबद्दल तुमच्या पत्नीला वाटणारी काळजी मी हलकी मानत नाही. वाड्यावर राहायचं, एकाच देवळात जायचं, मरणा-तोरणाला एकमेकांच्या दारात उभं राहायचं. म्हणूनच काकांना सांगायची एक गोष्ट देते. भांडण मिटवायचंच असेल तर वाट आहे, पण ती साक्षीदाराच्या तोंडातून जात नाही. मिटवायचा अधिकार ज्याच्या हातावर वार झाला त्याचा. तुमच्या समन्सवर भारतीय दंड संहितेचं कलम ३२४ असेल, घातक हत्याराने दुखापत, तर ते आता खालच्या न्यायालयात तडजोडीने मिटवता येत नाही. पण दोन्ही घरं मनापासून एकत्र आली आणि जखमी माणसाने शपथपत्रावर तसं म्हटलं, तर पर्वरीच्या उच्च न्यायालयाकडे खटला रद्द करण्याची विनंती करता येते. जखम आणि प्रकरण किती गंभीर आहे ते पाहून न्यायालय निर्णय घेतं. शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या भांडणात अशा विनंत्या मान्य झालेल्या आहेत. काकांनी आपल्या वकिलाला हे विचारावं आणि तुमच्या दारात यायचे कष्ट जखमी माणसाच्या दारात जायला वापरावेत. मुलाला खरोखर वाचवायचं तर माफी मागायची जागा तिथे आहे.

आणि बोलणं विनवणीवरून धमकीवर आलं तर? पत्रात तसं दिसत नाही, तरी सांगून ठेवते. खोटी साक्ष द्यावी म्हणून धमकावणं हा गंभीर गुन्हा आहे, त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. कोण, कधी, काय म्हणालं ते त्याच दिवशी वहीत लिहा, सरकारी वकिलांना सांगा, तातडीचं असेल तर ११२ लावा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली आहे. तिच्याखाली जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येतो, आणि धोका किती आहे ते पाहून घराजवळ गस्त किंवा कोर्टापर्यंत सोबत देता येते.

इथे कायद्याच्या नावांचा गोंधळ होईल म्हणून दोन वाक्यं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झाले. पण तुमची घटना २०२२ ची आणि खटला त्या तारखेआधीच न्यायालयात पोहोचलेला असेल, तर तो जुन्याच कायद्यांनी चालतो. तुम्हाला आज कुणी धमकावलं तर तो गुन्हा मात्र नव्या न्याय संहितेच्या कलम २३२ खाली येईल. एकाच घराच्या भांडणात दोन पिढ्यांचे कायदे असे शेजारी शेजारी बसतात. नव्या कायद्यात जप्ती आणि पंचनाम्याचं व्हिडिओ चित्रण सक्तीचं केलं आहे. २०२२ साली ते असतं तर तुम्ही स्टेशनात होतात की नाही हा प्रश्नच उरला नसता. मला हा बदल मनापासून आवडला आहे. (‘गोव्यात कायदा वेगळा ना?’ असंही पुष्कळ जण विचारतात. लग्न, वारसा, मालमत्ता यांत पोर्तुगीज काळचा समान नागरी कायदा आजही आहे. गुन्ह्यांच्या बाबतीत मात्र मुक्तीनंतर गोव्याला देशाचाच कायदा लागू झाला.)

त्या दिवशी तुमची साक्ष होईलच असं नाही. न्यायाधीश रजेवर असतील, वकिलांनी तारीख मागितली असेल. हजर असलेल्या साक्षीदाराला तपासल्याशिवाय, खास कारण नसताना, परत पाठवू नये असं कायदा सांगतो. तरी लोकांना परत जावं लागतं आणि मला दर वेळी त्याची चीड येते. तसं झालं तर पुढच्या तारखेला याल अशी तुमची सही घेतील, त्याला ‘बाउंड ओव्हर’ म्हणतात. मग नवं समन्स येत नाही, ती सही म्हणजेच समन्स. तारीख लिहून घ्या. समन्सवर १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, असेल तर तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकून मुलगी किंवा नातू घरबसल्या तारीख पाहू शकेल. बुडालेल्या दिवसासाठी साक्षीदाराला भत्ता आणि प्रवासखर्च देण्याची सोय आहे. निघण्यापूर्वी कोर्टाच्या कारकुनाकडे मागा. रक्कम मोठी नसेल, पण ती भीक नव्हे. आणखी काही शंका असेल तर कायदेशीर मदतीच्या १५१०० या क्रमांकावर फुकट विचारता येतं.

साक्ष संपली की टाइप केलेला कागद सहीसाठी पुढे येईल. तो तुम्हाला वाचून दाखवणं आणि इंग्रजी येत नसेल तर तुमच्या भाषेत समजावून सांगणं, हा तुमचा हक्क आहे. मागे माणसं खोळंबलेली असतील, शिपाई घाई करेल, कुणीतरी “सही मारा, झालं” म्हणेल. मान हलवा आणि सांगा, “वाचून दाखवा.” ‘स्टेशनात माझ्यासमोर’ असं चुकून कुठे उतरलं असेल तर तिथेच थांबवा. न्यायाधीश ते दुरुस्त करतील किंवा तुमची हरकत नोंदवून घेतील. दुकान बंद करूनच गेला असाल. त्या दिवशी फळ्या काढायची घाई नाही.